‘जैवसुसंगत’ म्हणजे कशाशी सुसंगत? : जनुकवाहक धनभारित बहुवारिकांच्या वाङ्मयाची चिकित्सा

शास्त्रीय लेखनात काही विशेषणे सिद्ध केली जातात आणि काही नुसती लावली जातात. जनुकद्रव्य पेशीत पोहोचविण्यासाठी वाहक म्हणून वापरावयाच्या धनभारित बहुवारिकांविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे विपुल वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यातील ‘जैवसुसंगत’ हे विशेषण बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. निबंधाच्या शीर्षकात ते येते, प्रस्तावनेत त्याची पुनरुक्ती होते आणि निष्कर्षात ते जणू सिद्ध झाले आहे अशा थाटाने पुन्हा अवतरते. मध्यंतरी त्याच्या सिद्धीसाठी, काचपात्रात वाढविलेल्या एखाद्या पेशीवंशावर केलेली चोवीस तासांची परीक्षा, एवढाच पुरावा पुष्कळदा हाती लागतो. या विशेषणाचा अर्थ काय, त्यास पुरावा कोणता हवा आणि तो नसल्यास नुकसान कोणाचे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एखादा पदार्थ सुसंगत आहे असे म्हटले की ‘कशाशी?’ हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात लगेच उभा राहतो. १९८७ साली डी. एफ. विल्यम्स यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे सर्वत्र आधारभूत मानल्या गेलेल्या व्याख्येतही हीच अट अंतर्भूत आहे. विशिष्ट उपयोगाच्या संदर्भात, यजमान शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळवीत आपले कार्य पार पाडण्याची पदार्थाची क्षमता, असा त्या व्याख्येचा आशय आहे. अर्थात जैवसुसंगती हा पदार्थाचा वितळणबिंदूसारखा स्वतंत्र गुणधर्म नसून, पदार्थ, यजमान आणि उपयोग या तिहींमधील तो संबंध होय. आपल्या वैद्यकपरंपरेतील ‘सात्म्य’ ही कल्पना याच्या जवळची आहे. देश, काल आणि मात्रा यांचा विचार केल्याशिवाय अमुक द्रव्य सात्म्य आहे असे वैद्य म्हणत नाही. हीच तीन पदे पुढील विवेचनाचा आधार म्हणून घेता येतील.

१

प्रथम मूळ कल्पना थोडक्यात सांगितली पाहिजे. डीएनए आणि आरएनए यांच्या कण्यातील फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो. पेशीच्या पटलाचा बाह्यपृष्ठही एकंदरीत ऋणभारितच असतो. त्यामुळे उघडे जनुकद्रव्य पेशीच्या दाराशी आले तरी त्यास आत प्रवेश नाही. शिवाय वाटेतील विकरे त्याचे तुकडे करण्यास टपलेली असतातच. ज्याच्या साखळीवर जागोजाग धनभारित अमाइन गट आहेत असे बहुवारिक या जनुकद्रव्यात मिसळले, तर दोहोंचे भार एकमेकांस बांधतात, लांब रेणू आक्रसतो आणि काही दशके ते काही शतके नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात. कणावर धनभाराचे आधिक्य ठेवले तर तो पेशीपटलास चिकटतो आणि पेशी त्यास पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. या पिशवीस अंतःपुटिका म्हणू. तेथून कणाने सुटावयाचे, ओझे खाली ठेवावयाचे आणि डीएनए असेल तर केंद्रकापर्यंत जावयाचे, असा हा प्रवास आहे. आरएनएचे काम पेशीद्रवातच भागते, म्हणून त्याची वाट एका टप्प्याने आखूड होते.

या कल्पनेचा इतिहास समजला जातो त्यापेक्षा जुना आहे. १९६५ साली वाहेरी आणि पगानो यांनी डीईएई-डेक्स्ट्रान या धनभारित शर्करा-बहुवारिकाच्या साहाय्याने पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत पोहोचविला. १९८७ साली वू आणि वू यांनी यकृतपेशी ओळखतील अशा प्रथिनास पॉलिलायसिन जोडून वाहकास दिशा देण्याचा मार्ग दाखविला. १९९३ मध्ये हेन्सलर व झोका यांनी वृक्षाप्रमाणे शाखा फुटलेले डेंड्रिमर वापरले. १९९५ मध्ये बूसिफ, बेहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीनइमाइन पुढे आणले. २००० साली लिन आणि लँगर यांनी पाण्यात हळूहळू विघटित होणारे पॉलि-बीटा-अमिनो-एस्टर मांडले. या क्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. आरंभीचा प्रश्न ‘आत कसे जावे’ हा होता; उत्तरोत्तर तो ‘आत जाऊन अपाय न करता बाहेर कसे पडावे’ असा बदलत गेला. जैवसुसंगतीची चर्चा या दुसऱ्या प्रश्नातून उपजली आहे.

२

सर्व चिकित्सेचे मर्म पॉलिएथिलीनइमाइनच्या उदाहरणात सापडते. त्याच्या साखळीतील दर तिसरा अणू नायट्रोजनचा असतो. इतका दाट भार धारण करू शकणारी बहुवारिके थोडीच. म्हणूनच रेणुभार सुमारे २५,००० असलेला त्याचा शाखायुक्त प्रकार प्रयोगशाळांतून तुलनेचा मापदंड होऊन बसला. परंतु ज्या भारामुळे ते डीएनएला घट्ट धरते आणि पेशीस चिकटते, त्याच भारामुळे ते पेशीपटलाला फाडते. २००५ साली मोघिमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा अपाय दोन टप्प्यांनी होतो. आधी पटलाची हानी होते; नंतर काही तासांनी तंतुकणिकांच्या मार्गाने पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू होते. दुसरा टप्पा उशिरा येत असल्यामुळे, घाईने उरकलेल्या परीक्षेत तो दिसेलच असे नाही.

येथे मात्रेचा प्रश्न उभा राहतो. बहुवारिकातील नायट्रोजन आणि जनुकद्रव्यातील फॉस्फेट यांचे गुणोत्तर साधारण तीनच्या आसपास गेले की डीएनए जवळजवळ पूर्णपणे बांधले जाते. प्रत्यक्षात मात्र याहून पुष्कळ अधिक गुणोत्तर वापरतात, कारण तेव्हाच जनुक चांगले व्यक्त होते. उरलेल्या मोकळ्या साखळ्या जनुकाच्या प्रवासास साहाय्य करतात आणि विषारीपणाचा मोठा वाटाही त्याच उचलतात. तेव्हा एका आलेखात परिणामकारकता एका मात्रेस आणि दुसऱ्या आलेखात सुरक्षितता तिच्याहून कमी मात्रेस दाखवावयाची, आणि दोन्हींचा मेळ घालून ‘परिणामकारक व जैवसुसंगत’ असा निष्कर्ष काढावयाचा, ही पद्धत तर्कदृष्ट्या टिकणारी नाही. ज्या मात्रेस गुण दिसतो, त्याच मात्रेस दोष मोजला पाहिजे.

अंतःपुटिकेतून सुटका कशी होते याविषयीचे ‘प्रोटॉनशोषक’ गृहीतकही असेच पाठांतराने चालत आलेले आहे. बहुवारिकातील मोकळे अमाइन गट आम्ल शोषून घेतात, त्यामुळे पुटिकेत क्षार व पाणी शिरून ती फुटते, असे हे गृहीतक सांगते. ते सुबक आहे. परंतु २०१३ साली बेन्यामिन्सेन व सहकाऱ्यांनी पेशींतील सामू प्रत्यक्ष मोजला, तेव्हा पॉलिएथिलीनइमाइनमुळे पाचकपुटिकांचा सामू अपेक्षेप्रमाणे वाढलेला आढळला नाही. वाद अजून मिटलेला नसताना विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हे गृहीतक सिद्धांत म्हणून येते, हे उचित नव्हे.

३

आता कायटोसानकडे वळू. कोळंबी व खेकडे यांच्या कवचांतील कायटिनपासून अॅसिटिल गट काढून ते मिळते. नैसर्गिक, विघटनशील, स्वस्त आणि म्हणून जैवसुसंगत, असा त्याचा लौकिक आहे. हा लौकिक सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. कायटोसानच्या अमाइन गटांचा भार सामू साधारण ६.५ च्या वर गेला की झपाट्याने ओसरतो. रक्ताचा सामू ७.४ असतो. म्हणजे शरीरात ते सौम्य वागते याचे एक कारण हे की तेथे त्याच्याजवळ भारच थोडा उरतो. आणि त्याच कारणाने तेथे ते जनुकद्रव्यास सैल धरते आणि पाण्यात विरघळलेलेही राहत नाही. हा दोष घालविण्यासाठी त्यावर मिथिल गट चढवून कायमचा भार दिला, तर भाराबरोबर विषारीपणाही वाढू लागतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे कोणतेच संरक्षण देत नाही.

दुसरे असे की ‘कायटोसान’ हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुलाचे नाव आहे. रेणुभार किती, अॅसिटिल गट किती प्रमाणात काढले, कोणत्या आम्लात विरघळविले, या गोष्टी सांगितल्याशिवाय त्याच्या सुरक्षिततेविषयीचे विधान तपासताही येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. जे खोडून काढता येत नाही, त्यास शास्त्रात किंमत किती द्यावी, हे वाचकांस सांगावयास नको.

काचपात्रातील पेशी आणि जिवंत शरीर यांतील अंतर हा ‘देशा’चा प्रश्न. पात्रात पाणी, मीठ व पोषकद्रव्ये असतात. रक्तात प्रथिनांची गर्दी असते. धनभारित कण रक्तात शिरताच ऋणभारित प्रथिने त्यास वेढतात, कण एकमेकांस चिकटतात आणि फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. पात्रात निरुपद्रवी ठरलेले मिश्रण उंदराच्या शिरेत अपायकारक ठरावे, यात म्हणून आश्चर्य नाही. या वेढ्यापासून बचाव करण्यासाठी कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण देतात. परंतु आवरण जितके दाट, तितके पेशीस चिकटणे कमी. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसे होते.

४

मानवी उपचारांच्या इतिहासाने या बाबतीत जो निवाडा दिला, तो बहुवारिकांच्या पुरस्कर्त्यांनी मोकळ्या मनाने वाचला पाहिजे. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका जनुकोपचार-चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण, वाहक म्हणून दिलेल्या अॅडिनोविषाणूमुळे उद्भवलेल्या तीव्र प्रतिक्रियेने मरण पावला. त्यानंतर विषाणूविरहित वाहकांविषयीची आस्था वाढली, हे साहजिक होते. २०१० साली मार्क डेव्हिस व सहकाऱ्यांनी सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त धनभारित बहुवारिकाच्या कणांतून आरएनए देऊन, रुग्णांच्या अर्बुदांत जनुकाचे मौन घडवून आणल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. तो प्रयोग मोठा होता. परंतु त्यातून बाजारात औषध आले नाही. २०१८ साली आरएनए-हस्तक्षेपावर आधारलेल्या पहिल्या औषधास मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा वाहक बहुवारिकाचा नसून स्निग्ध नॅनोकणांचा होता. पुढे कोविडच्या आरएनए लशींतही तेच घडले.

यातील बोध असा की या स्निग्ध पदार्थांचा भार सदासर्वकाळ जागा नसतो. रक्ताच्या सामूस ते जवळजवळ उदासीन असतात. अंतःपुटिकेतील आम्लतेत ते धनभारित होतात आणि नेमके हवे तेथेच पटल विस्कळीत करतात. म्हणजे भार हवा, पण वेळेवर हवा. हा ‘काला’चा प्रश्न होय. विघटनशील एस्टर बंध किंवा पेशीद्रवात तुटणारे द्विगंधक बंध असलेली नवी बहुवारिके हाच धडा आपल्या परीने गिरवीत आहेत, आणि त्यांचे महत्त्व येथेच आहे.

आपल्याकडील अनुभवही उद्बोधक आहे. अहमदाबादच्या झायडस संस्थेच्या डीएनए लशीस २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपत्कालीन वापराची अनुमती मिळाली. तीत वाहक नव्हता. सुईविरहित यंत्राने द्रव त्वचेत सोडीत आणि प्रत्येक वेळी २ मिलिग्रॅम डीएनए द्यावे लागे. फायझरच्या आरएनए लशीत प्रौढांसाठी ३० मायक्रोग्रॅम पुरत. दोन्ही द्रव्ये भिन्न असल्याने तुलना सरळ नाही, तथापि वाहकाची किंमत काय असते याची कल्पना त्यावरून येते. पुण्याच्या जेनोव्हा संस्थेच्या आरएनए लशीस २०२२ च्या जूनमध्ये अशीच अनुमती मिळाली. तीत आरएनए हा धनभारित स्निग्ध पायसाच्या सूक्ष्म थेंबांच्या पृष्ठभागावर धरलेला असतो, आणि ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवता येते. लहान गावच्या दवाखान्यातील साध्या शीतकपाटाशी सुसंगत असणे, हीदेखील एक सुसंगतीच होय. तिचा विचार बहुवारिकांच्या वाङ्मयात क्वचितच दिसतो.

५

आतापर्यंत यजमान म्हणून मनुष्याचा विचार केला. परंतु आमच्या भागात या विद्येचा पहिला व्यापक उपयोग कदाचित दवाखान्यात न होता शेतात होईल, आणि म्हणून सावद्याचा विषय येथे काढणे प्राप्त आहे. रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे गाव. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे तापीखोऱ्यातील याच पट्ट्याची पुण्याई आहे. या पट्ट्यात मृगबागेच्या लागवडीवर काकडीवर्गीय मोझॅक विषाणूचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘हरण्या’चा, प्रादुर्भाव पुन्हा पुन्हा होतो. पानांवर पिवळे पट्टे येतात, वाढ खुंटते आणि पुष्कळदा पोंगाच सडतो. विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. कीड काही क्षणांच्या चाव्यातच तो पुढे देते, त्यामुळे कीटकनाशकाने ती मरेपर्यंत काम होऊन गेलेले असते. रोगट झाडास औषध नाही. ते उपटून नष्ट करणे, बागेभोवतीची काकडीवर्गीय पिके व तण काढणे आणि विषाणूमुक्त रोपे लावणे, एवढेच उपाय शेतकऱ्याच्या हाती आहेत. उतिसंवर्धित रोपे विकत घेऊन लावलेली बाग दोन-तीन महिन्यांत उपटावी लागणे म्हणजे काय, हे सावद्याच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको.

अशा परिस्थितीत, विषाणूच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए पानांवर फवारून झाडाच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेस सावध करावयाचे, ही कल्पना आकर्षक आहे. २०१७ साली क्वीन्सलंड विद्यापीठातील नीना मित्तर व सहकाऱ्यांनी धनभारित स्तरित मातीच्या पत्र्यांवर असा आरएनए चढवून फवारला. एका फवारणीने तंबाखूस निदान वीस दिवस विषाणूपासून संरक्षण मिळाले, आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानांतही ते दिसून आले. ज्या विषाणूंवर हा प्रयोग झाला, त्यांत काकडीवर्गीय मोझॅक विषाणूही होता. वाहक येथे बहुवारिक नाही, पण तत्त्व तेच. कायटोसानच्या कणांतून दुपदरी आरएनए देण्याचे प्रयोगही कीटक व वनस्पती यांवर झाले आहेत. उद्या ‘जैवसुसंगत वाहक’ असे लेबल लावलेली बाटली केळीपट्ट्यात विक्रीस आली, तर नवल वाटावयास नको.

तेव्हा येथे आपली तीन पदे पुन्हा लावून पाहू. प्रथम देश. तंबाखूचे पान आणि केळीचे पान एक नव्हे. केळीच्या पानावर मेणाचा थर असतो. पाणी त्यावरून ओघळून जाते. थराखाली पेशीभित्ती असते, तिची छिद्रे सामान्यतः काही नॅनोमीटरचीच असतात, आणि तिच्यातील पेक्टिन ऋणभारित असल्याने धनभारित कण तेथेच अडकून पडण्याचा संभव असतो. शिवाय नवे पान पोंग्याच्या रूपाने खोडाच्या आतून वर येते. तंबाखूच्या नव्या पानात दिसलेले संरक्षण तेथपर्यंत पोहोचते काय, हे केळीवरच तपासले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की वनस्पतीच्या दृष्टीने कायटोसान उदासीन नाही. बुरशीच्या भित्तीत कायटिन व कायटोसान असतात. त्यांची चाहूल लागताच झाड आपली संरक्षणक्रिया सुरू करते. म्हणून कायटोसानसह आरएनए फवारल्यावर रोग कमी झाला, तर श्रेय कोणाचे? आरएनएचे, वाहकाचे की दोहोंचे? नुसत्या वाहकाचा एक गट आणि विषाणूशी संबंध नसलेला आरएनए घेतलेल्या वाहकाचा दुसरा गट, असे दोन तुलनागट ठेवल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. जेथे असे गट नाहीत, तेथील यशाची बातमी जनुकवहनाची आहे असे मानता येणार नाही. शेतकऱ्याने महाग आरएनएचे मोल द्यावे आणि काम स्वस्त कायटोसानने करावे, असा हा व्यवहार होईल.

नंतर काल व मात्रा. फवारलेले द्रव्य अखेर मातीत उतरते. तापीकाठच्या काळ्या मातीतील चिकणकण स्वतः ऋणभारित असून त्यांची धनायन-विनिमय क्षमता मोठी असते. न विघटणारे धनभारित बहुवारिक तेथे घट्ट धरले जाईल आणि वर्षानुवर्षांच्या फवारण्यांनी साचत जाईल, ही शंका निराधार नाही. पाण्याबरोबर ते वाहून गेले, तर धनभारित बहुवारिके माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असतात हे ठाऊक आहे. कायटोसान विघटित होते, ही त्याची जमेची बाजू. परंतु ते सूक्ष्मजीवरोधकही आहे, तेव्हा मातीतील उपकारक जीवाणूंशी त्याचे नाते काय, हा प्रश्न उरतोच.

६

या चिकित्सेचा अर्थ धनभारित बहुवारिकांचा मार्ग बंद झाला असा कोणी करू नये. विषाणू-वाहकांपेक्षा ती बनविण्यास सोपी आहेत, त्यांची रचना हवी तशी बदलता येते आणि मोठ्या आकाराचे जनुकद्रव्य ती वाहू शकतात. आक्षेप त्यांच्यावर नसून त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सैल भाषेवर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयात काम करताना निदान चार गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्हांस वाटते. बहुवारिकाचा रेणुभार व रासायनिक घडण निबंधात स्पष्ट द्यावी. गुण ज्या मात्रेस व ज्या पेशीत दाखविला, त्याच मात्रेस व त्याच पेशीत दोषही मोजावा आणि तो एका दिवसावर थांबवू नये. नुसता वाहक आणि असंबद्ध जनुकद्रव्यासह वाहक, हे दोन्ही तुलनागट ठेवावेत. आणि निष्कर्षात ‘जैवसुसंगत’ हा शब्द लिहिताना ‘कशाशी, किती मात्रेत आणि किती काळ’ हे त्याच वाक्यात लिहावे.

चौथी सूचना केवळ भाषेची वाटेल, परंतु पहिल्या तीन पाळल्याशिवाय ती पाळताच येत नाही. ज्याच्याजवळ पुरावा नाही, त्यास ते वाक्य पुरे करता येणार नाही. सावद्याचा शेतकरी निबंध वाचणार नाही. तो लेबल वाचील. त्या लेबलावरील शब्द आपल्या निबंधांतूनच तेथे जाणार आहे, म्हणून तो अर्धवट असता कामा नये.